सेरोटोनिन: ताण घालवणारा ताण

प्रश्न असा आहे: ‘सेरोटोनिनला “आनंदाचं संप्रेरक” म्हणणं बरोबर आहे का? आणि ते कमी झालं की नैराश्य येतं का?’

मेंदूपुरतं तरी बरोबर नाही, कितीही वेळा छापून आलं तरी. संप्रेरक रक्तात मिसळून लांबच्या इंद्रियापर्यंत जातं. मेंदूतलं सेरोटोनिन एका चेतापेशीतून सुटतं, जेमतेम २० नॅनोमीटरची फट ओलांडतं, पलीकडच्या पेशीच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) बसतं आणि बरंचसं आल्या पेशीत परत ओढलं जातं. रक्तातलं सेरोटोनिन मेंदूत शिरतच नाही. त्यामुळे केळ्यात ते असलं तरी केळी खाऊन मेंदूतलं वाढत नाही.

खरी गंमत नावात आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज हे संशोधक रक्तदाबाच्या मागे लागले होते, मनाच्या नव्हे. रक्त गोठल्यावर उरणाऱ्या निवळ द्रवात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य सापडलं, म्हणून सीरम आणि टोन जोडून नाव ठेवलं. लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दह्याची निवळ. टोनच्या मुळाशी ग्रीक ‘टोनोस’, म्हणजे ताण, आणि त्याचा धातू आपल्या संस्कृत ‘तन्’चा (ताणणे) सख्खा भाऊ. ताण, गवयाची तान, तंतू, तंत्र, झालंच तर तंत्रिका (म्हणजे चेतातंतू), सगळी एकाच घरातली. म्हणजे ‘ताण घालवणारं सेरोटोनिन’ म्हणणारा नकळत ‘ताण घालवणारा ताण’ म्हणतो!

मग संप्रेरक नाही तर काय? न्यूरोट्रान्समीटरसाठी परिभाषाकारांनी घडवलेला ‘चेतापारेषक’ मला मुळीच पटत नाही. पारेषण म्हटलं की मनोऱ्यांवरच्या उच्चदाबाच्या तारा दिसतात. इथे तर तार जिथे तुटते तिथेच रेणूचं काम सुरू होतं. ‘निरोप्या’ हा जुना शब्द काय वाईट आहे? निरोप देतो आणि माघारी येतो, अगदी या रेणूसारखा. पण समित्यांना तद्भव शब्दांचं वावडं.

राहिलं नैराश्य. सर्पगंधेतून काढलेल्या रिसर्पिनने मेंदूतले सेरोटोनिनसारख्या रेणूंचे साठे रिकामे होतात. ते रक्तदाबासाठी घेणारे काही रुग्ण खिन्न झाल्याच्या नोंदी १९५०च्या दशकात झाल्या, आणि ‘कमी म्हणून उदास’ या समजाला बळ मिळालं. पण फ्लुओक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी सेरोटोनिनच्या माघारीची वाट काही तासांत अडवते, मन मात्र सावरायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही घेतं. नुसती तूट भरून निघत असती तर एवढा उशीर का? गोळी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. परस्पर बंद केली तर चक्कर, झिणझिण्या, झोपमोड मागे लागू शकते. ‘कमतरता’ हा शब्द लोहाला, ब-१२ला ठेवा. लॅबमध्ये रक्तातलं सेरोटोनिन मोजतात, ते मुख्यतः प्लेटलेटमधलं असतं. त्या फटीतलं नव्हे.