नुसतं अंतर मोजू नकोस, कोनही बघ

स्फटिकरचनेत गंधक आणि ऑक्सिजन ३.३२ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ दिसले की नवशिके लगेच 'चॅल्कोजेन बंध' (गंधक, सेलेनियम, टेल्युरियम यांसारख्या अणूने समोरच्या अणूचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढल्याने जुळणारा दुबळा बंध) म्हणून मोकळे होतात. तू घाई करू नकोस. ३.३२ ही दोघांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसलेल्या अणूचा आकार सांगणाऱ्या) बेरीज (१.८० आणि १.५२), रेणू दाटीवाटीने बसले तरी अणू तेवढे जवळ येतात. आधी कोन बघ. गंधकाच्या सहसंयुज बंधाच्या बरोबर पाठीमागे इलेक्ट्रॉन घनता विरळ असते. तोच सिग्मा-होल. समोरच्या ऑक्सिजनची किंवा नायट्रोजनची एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) तिथेच ओढली जाते, म्हणून गंधकापाशी तो सहसंयुज बंध आणि समोरचा अणू यांच्यातला कोन १८० अंशांच्या आसपास हवा. शंभराच्या घरात असेल तर मी तरी तो बंध मानणार नाही. आणि गंधकाला बंध दोन, म्हणजे असे होलही दोन. हॅलोजनला सहसा बंध एक आणि होलही एकच, त्याची सवय असलेले इथे हमखास फसतात.

सुरुवात मात्र टेल्युरियमपासून कर. गंधक, सेलेनियम, टेल्युरियम या क्रमाने ओढ वाढत जाते, त्यामुळे तिथे चित्र स्वच्छ दिसतं. बेन्झोटेल्युराडायझोल या संयुगात शेजारच्या दोन रेणूंमध्ये बनणारी दोन टेल्युरियम आणि दोन नायट्रोजनची चौकट बघच. संगणकावर गणित करताना डिस्पर्शनची (रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची) दुरुस्ती विसरू नकोस, आणि टेल्युरियमसाठी सापेक्षतेचा परिणाम धरणारा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारा फलनांचा संच) घे. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची चॅल्कोजेन बंधाची २०१९ची व्याख्या छोटीशीच आहे, ती आधी वाचून टाक.