देशज ज्ञानावरील फेलोशिप : वाचकांचे प्रश्न

आफ्रिकेतील देशज ज्ञानाच्या, म्हणजे स्थानिक समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या ज्ञानाच्या, संशोधनासाठी फेलोशिपचा अर्ज करणारे, पुण्यात शिकणारे आफ्रिकी विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक यांचे तेच ते प्रश्न पुन्हा येत असल्याने येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी केनियाची विद्यार्थिनी भारतात पीएचडी करते. सेनेगलमधील डाकारच्या कोडेस्रिया या आफ्रिकेतील सामाजिक शास्त्रांच्या संशोधन संस्थेकडे तिला अर्ज करता येईल का?

उत्तर : १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रत्येक योजनेची पात्रता वेगळी असते, ऐकीव माहितीवर न जाता चालू जाहिरात वाचावी आणि तरीही शंका उरल्यास संस्थेलाच विचारावे.

प्रश्न : एक एजंट पैसे घेऊन निवडीची हमी देतो.

उत्तर : एक पैसाही देऊ नका.

प्रश्न : माझा विषय आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सान या आदिवासी समाजाच्या औषधी वनस्पती हा आहे. फेलोशिप मिळाल्यावर समाजाची संमती घेतली तर चालेल ना?

उत्तर : नाही. हुडियाचे उदाहरण पाहा. लांबच्या शिकारीत भूक-तहान मारण्यासाठी सान लोक हुडिया ही काटेरी वनस्पती चघळत. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात तिच्या भूकशामक घटकाचे पेटंट घेतले, ते औषध कंपनीला वापरायला दिले आणि ज्यांच्याकडून हे ज्ञान आले त्यांना विचारलेच नाही. बोभाटा झाल्यावर २००३ साली करार झाला, त्यात संस्थेला मिळणाऱ्या स्वामित्वशुल्काचे (रॉयल्टीचे) ६ टक्के समाजाला देण्याचे ठरले. पुढे ते उत्पादन बाजारात आलेच नाही, त्यामुळे त्या टक्क्यांना फारसा अर्थ उरला नाही. असल्या अनुभवांतून सान समाजाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन आचारसंहिता जाहीर केली. ती वाचल्याखेरीज प्रस्तावाची पहिली ओळही लिहू नये. नंतर घेतलेली संमती ही संमती नसते, निव्वळ सही असते, कारण तोवर विषय, पद्धत आणि खर्च सारे ठरलेले असते व समाजाला नकार द्यायला जागाच राहत नाही. प्रस्तावातच सान परिषदेशी, म्हणजे त्या समाजाच्या प्रातिनिधिक संस्थेशी, चर्चेचा वेळ आणि खर्च दाखवा. वनस्पतीचे नमुने घेणार असाल तर परवान्यांबाबत विद्यापीठाच्या विधी विभागाचा सल्ला आधी घ्या.

प्रश्न : माहिती जुन्या पुस्तकात छापलेली असेल तर?

उत्तर : छापली म्हणून ती बेवारस होत नाही. दक्षिण आफ्रिकेत देशज ज्ञानाच्या संरक्षणासाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. तो तुमच्या कामाला कितपत लागू होतो, हे तेथील जाणकार वकिलाला विचारा.

प्रश्न : मुदत आठवड्यावर आली आहे, नीतिसमितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी ‘प्रलंबित’ लिहू का?

उत्तर : जाहिरातीत तशी मुभा असेल आणि समितीकडे अर्ज खरोखरच गेला असेल तरच लिहा, एरवी पुढच्या वर्षी अर्ज करा.