पाणी उतरलं की गरी कशी टाकायची?

ऑक्टोबरात आम्ही तिघं मित्र ट्राउटसाठी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जातोय. तेव्हा पाणी कमी आणि नितळ असतं म्हणतात. मग मासा सोपा लागेल ना? (प्रतापनगर)

उलट, अवघड लागेल. नितळ पाण्यात तुम्हाला मासा दिसतो तसे त्यालाही तुम्ही दिसता. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो आणि वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून खालच्या अंगानं, त्याच्या पाठीमागून हळूहळू वर सरका. काठावर ताठ उभे राहू नका, गुडघ्यावर बसा. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वाकतो, त्यामुळे काठालगतचं बुटकं काही माशाला जेमतेम दिसतं. उभा माणूस मात्र लगेच दिसतो. सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली कुठे पडतेय तेही बघा.

पहिल्या खेपेला मी हेच विसरलो होतो. गुडघाभर पाण्यात, दगडाआड एक ट्राउट शेपूट हलवत उभा होता, पाठीवरचे ठिपके मोजता येतील इतका जवळ. तो नीट दिसावा म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं, बुटाखालचा गोटा खरखरला आणि क्षणात तिथे नुसती वाळू उरली. अर्धा तास बसून राहिलो, मासा काही परतला नाही.

गरीजवळचा दोरा एरवीपेक्षा लांब आणि बारीक ठेवा, 12 फूट तरी. कृत्रिम माशी (किड्यासारखी दिसणारी गरी) 16 किंवा 18 नंबरची घ्या; नंबर वाढतो तशी गरी लहान होते. शांत डोहापेक्षा दगडांमधून खळाळणारं पाणी आधी धरा, कारण तिथे पृष्ठभाग मोडलेला असतो आणि माशाला आडोसा मिळतो. मत्स्य खात्याचा परवाना आधी काढा. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटच्या विणीसाठी बंदी असते, तेव्हा ऑक्टोबरातच परत फिरा.

आपल्या नागपूरकडच्या खिंडसी तलावात किंवा कन्हान नदीत ट्राउट का सोडत नाहीत? (रामटेक)

जगणार नाही म्हणून. 10 अंश पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. ट्राउटला थंड, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. आपला मे महिना त्याच्यासाठी मरणच.

एप्रिल-मेमध्ये कन्हानचं पाणी आटून डोह उरतात. तिथे मरळ कसा धरावा? (कामठी)

मरळ प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तगतो, कारण तो वर येऊन हवा गिळतो. तोच तुमचा धागा. पहाटे डोहाच्या काठी न बोलता बसा. बेशरमीच्या झुडपांखाली किंवा जलपर्णीच्या कडेला ‘गुबुक’ आवाज आला आणि बुडबुडे फुटले की जागा कळली. रबरी बेडूक त्याच्या थोडा पलीकडे टाकून सावकाश ओढत आणा. अगदी डोक्यावर टाकलात तर तो दबून बसतो.

एक कळकळीनं सांगतो. आटलेल्या डोहात मासे कोंडलेले असतात. पुढच्या पावसाळ्यात अख्ख्या नदीत पसरायचं बीज तेच. एक-दोन घ्या, बाकीचे राहू द्या. पावसाळ्यात तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथे गरी टाकूच नका. खाली आईबाप राखण करत असतात. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

तोतलाडोहला सुट्टीत गरी टाकता येईल का? (कोराडी)

नाही. तो जलाशय पेंचच्या राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे मासेमारीला बंदी आहे.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर? (धंतोली)

गरीचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाका, म्हणजे ती सहज निघते. हात ओले करून मग मासा धरा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो. शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि त्यानं स्वतः शेपूट मारली की सोडा. ट्राउटसाठी जाताना खिशात साधा थर्मामीटर ठेवा. पाणी 20 अंशांच्या आसपास गेलं असेल तर दोरा गुंडाळा, कारण सोडलेला ट्राउटही त्या पाण्यात दमून मरतो.