घोळणा फुटला तर मान मागे करू नका

पत्र : ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. मार्चपासून त्याचा घोळणा सारखा फुटतोय. आठवड्यातून एकदा तरी, कधी दोनदा. कधी खेळताना, कधी पहाटे झोपेत. उठून बघावं तर उशीचा अभ्रा लाल. सासूबाई त्याला आडवं करतात, डोक्यावर गार पाणी ओततात, कांदा हुंगायला देतात. शाळेतही बाई मान मागे करायला लावतात. उष्णता झाली म्हणून आंबा बंद, शेंगदाणे बंद, कूलरही बंद. शेजारच्या एकीने ‘रक्ताचा कॅन्सर असाच सुरू होतो’ म्हटल्यापासून माझी झोप उडाली आहे. यजमान म्हणतात, सरळ सीटी स्कॅन करून टाकू. काय करू? – एक आई, अकोला

उत्तर : आधी शेजारणीचं बोलणं निकालात काढू. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, नाकातून रक्त येऊ शकतं, पण सहसा तेवढंच लक्षण नसतं. मूल पांढुरकं पडतं, लवकर दमतं, ताप सुटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. आज आंघोळ घालताना चांगल्या उजेडात त्याचं पोट, पाठ आणि पाय बघा. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का? बोटाने दाबल्यावरही ते फिके होत नाहीत का? नडगीवरचे काळेनिळे डाग मोजत बसू नका, ते खेळणाऱ्या प्रत्येक पोराला असतात. तसे ठिपके असतील किंवा न आपटता पोटावर, पाठीवर डाग उठले असतील तर मात्र लगेच डॉक्टरकडे जा. यातलं काहीच नसेल, मूल खातंपितं, धावतंय, तर आज रात्री झोपा.

आता रक्त येतं कुठून ते बघू. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा असतो ना, त्याच्या पुढच्या भागावर, करंगळीचं टोक पोचेल अशा जागी, चार-पाच रक्तवाहिन्यांच्या फांद्यांचं जाळं असतं. त्यावरची त्वचा अगदी पातळ. दोन ते दहा वर्षांच्या मुलांचा घोळणा बहुतेक वेळा इथूनच फुटतो. अकोल्याच्या चव्वेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ही त्वचा सुकते, खपली धरते, खपली खाजते, बोट आत जातं, खपली निघते, रक्त येतं. मग त्यावर नवी खपली, पुन्हा खाज. म्हणून एकदा सुरू झालं की महिनाभर पिच्छा सोडत नाही. पहाटे उशी लाल होते त्यामागेही बहुधा झोपेतलं बोटच असतं. त्याला रागावू नका, झोपेतल्या बोटावर रागावून उपयोग नाही. दर तीन-चार दिवसांनी नखं मात्र कापा.

तेव्हा सासूबाईंचं ‘उष्णता’ हे निदान अर्धं बरोबर आहे, फक्त ती अंगातली नसून हवेतली आहे. आंबा आणि शेंगदाणे बिचारे निर्दोष आहेत, चालू करा. कूलरही चालू करा. तो हवेत ओलावा सोडतो, नाकाला ते हवंच आहे. हवा कोरडी करतो तो एसी. फक्त कूलरचा झोत तोंडावर नको आणि मागच्या वर्षीच्या कुबट वासाच्या ताट्या बदलून घ्या. त्यातली बुरशी आणि धूळ नाकात गेली की शिंका, चोळणं, आणि परत रक्त.

घोळणा फुटला की करायचं काम एकच, पण ते तंतोतंत. मुलाला बसवा, आडवं करू नका. मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे, समोर वाटी किंवा तसराळं. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा खालचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या मिळून, घट्ट चिमटीत धरा. वरचं हाड दाबून काही होत नाही, रक्ताची जागा तिथे नाहीच. तोंडाने श्वास घ्यायला सांगा, तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगा. आणि घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटं धरा. बहुतेक घरांत चुकतं ते इथे. दोन मिनिटांनी ‘थांबलं का?’ म्हणून हात काढतात, जेमतेम धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. सासूबाईंना हे घड्याळाचं काम द्या. त्यांना काहीतरी करायचं असतंच आणि नातवाला गोष्ट सांगत दहा मिनिटं धरून ठेवणं तुमच्यापेक्षा त्यांना चांगलं जमेल. दहा मिनिटांनी थांबलं नसेल तर आणखी दहा. वीस मिनिटांनंतरही वाहत असेल तर नाक दाबलेलंच ठेवून दवाखाना गाठा.

मान मागे केली की रक्त बाहेर दिसत नाही, म्हणून थांबल्यासारखं वाटतं. खरं तर ते घशातून पोटात जात असतं. मग काळपट उलटी होते आणि घरात दुप्पट घबराट. दुसऱ्या दिवशी शी काळी झाली तर ते याच गिळलेल्या रक्तामुळे. कांदा आणि डोक्यावरच्या पाण्याचा लौकिक कसा टिकला म्हणाल, तर बहुतेक घोळणे आपोआपच थांबतात आणि त्या क्षणी जे चाललेलं असतं त्याला श्रेय मिळतं. गार पाणी ओतायला हरकत नाही, पण बसवून आणि नाक दाबून. दूर्वांचा रस नाकात नको, तो काही निर्जंतुक नसतो. कापसाचा बोळाही नको, काढताना खपली घेऊनच बाहेर येतो. आणि आडवं झोपवून नाकात तूप-तेल सोडणं तर नकोच. ते श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरलं की न्यूमोनियासारखा आजार होतो.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरणं नको, कढत पाण्याची आंघोळ नको, उड्या मारणं संध्याकाळपर्यंत बंद.

पण खरा उपाय रक्त नसतानाच्या दिवसांतला आहे. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्याच्या थोडं आधी, मसुराच्या दाण्याएवढी बोटाच्या टोकावर घेऊन प्रत्येक नाकपुडीत अगदी दारातच, मधल्या पडद्याच्या बाजूला टेकवा. मग बाहेरून नाक हलकेच दाबून सोडा, ती आपोआप पसरते. कापसाच्या काडीने खोल सारू नका, काडीच जखम करते. चार-सहा दिवसांत फरक दिसला म्हणून सोडू नका, तीन-चार आठवडे लावा. जोडीला दिवसातून दोन-तीनदा सलाईनचे नाकाचे थेंब, एकेका नाकपुडीत दोन. सलाईनचेच हं. सर्दीत नाक मोकळं करणारे थेंब वेगळे, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. तापाच्या औषधाच्या बाटलीवरचं नावही वाचा. आयबुप्रोफेनने रक्त गोठायला वेळ लागू शकतो, त्यामुळे साध्या तापाला नुसतं पॅरासिटामॉल बरं.

एवढं करूनही महिन्याभरात कमी झालं नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. जाताना तारीख, कोणती नाकपुडी, थांबायला किती मिनिटं लागली, एवढं वहीत लिहून न्या. ते नाकात बघून गरजेप्रमाणे अँटिबायोटिक मलम देतील किंवा सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने ती जागा शेकून, म्हणजे किंचित जाळून, बंद करतील. हे सहसा एका वेळी एकाच बाजूला करतात, कारण दोन्हीकडून शेकलं तर पडद्याला भोक पडायची भीती असते. सीटी स्कॅनची यात एरवी गरज नसते. यजमानांना सांगा, तपासणी करायचीच तर आधी साधा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी, प्लेटलेटसह (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी). घरात कुणाला दात काढल्यावर खूप रक्त गेलंय का, तुम्हाला किंवा बहिणीला पाळीत फार जातं का, हेही डॉक्टरांना सांगा. रक्त नीट न गोठण्याचा आजार आनुवंशिक असू शकतो आणि सीबीसी चांगला आला तरी तो लपून राहतो.

काही वेळा मात्र वाट बघू नका. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा, रक्तमिश्रित शेंबूड आला तर बहुधा आत काहीतरी अडकलेलं असतं. खेळण्यातला बटण सेल असेल तर काही तासांत पडदा जळतो, त्याच दिवशी काढायला हवा. पावसाळ्यात तापासोबत घोळणा फुटला तर डेंग्यू धरून लगेच दाखवा. डोक्याला मार लागून नाकातून रक्त आलं किंवा मूल गळून, घामाघूम झालं, तर थेट हॉस्पिटल.

शाळेच्या बाईंसाठी डायरीत चिठ्ठी चिकटवा : ‘याचा घोळणा फुटतो. कृपया आडवं करू नये, मान मागे करू नये. बसवून, मान पुढे करून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबावा. वीस मिनिटांत न थांबल्यास फोन करावा.’ खाली तुमचा आणि यजमानांचा, दोघांचेही नंबर लिहा.