वाचकांचे प्रश्न: डायनिंगवर तो तीन थरांचा लाइट लावू का?

प्रश्न: ताई नमस्कार. मनीषनगरला फ्लॅट घेतला, काम चालू आहे. आमचा इंटिरिअरवाला डायनिंग टेबलवर तीन थरांचा गोल हँगिंग लाइट लावा म्हणून मागे लागून राहिला, म्हणे हे 'पीएच' डिझाइन आहे, लय फेमस आहे. हा पीएच कोण, कंपनी आहे का माणूस? मिस्टर म्हणतात, काहून एवढा खर्च, साधं एलईडी पॅनल ठोका अन् मोकळे व्हा.

उत्तर: माणूस आहे हो. पॉल हेनिंगसेन, डेन्मार्कचा, जन्म १८९४ चा, गेला १९६७ ला. तिकडचे लोक त्याला नुसतं पीएच म्हणतात. आर्किटेक्चर शिकायला गेला पण डिग्री काही घेतली नाही, आणि पुढे काय काय केलं तर दिवे केले, खुर्च्या केल्या, १९३१ ला एक ग्रँड पियानो केला, मासिक चालवलं, रंगमंचासाठी गाणी लिहिली, आणि डॅनिश लोकांना वर्षानुवर्षं शालजोडीतले मारत राहिला. पण नाव राहिलं ते दिव्यांमुळे.

लहानपणी घरी रॉकेलचे दिवे, त्यांचा उजेड कसा मवाळ, डोळ्याला न टोचणारा. मग घरोघरी वीज आली आणि उघडा बल्ब थेट डोळ्यात घुसायला लागला. सगळ्यांना कौतुक होतं, याला ते अजिबात पटलं नाही. म्हणजे वीज नको असं नाही म्हणाला तो, त्याचं म्हणणं एवढंच की बल्ब दिसू नये आणि तरी उजेड वाया जाऊ नये. नुसता बल्ब झाकायचा तर कापड गुंडाळलं की झालं, पण मग अर्धा उजेड तिथेच मरतो, खरी अडचण ती होती. याने एकाखाली एक अशा तीन शेड लावल्या, आणि त्यांचा बाक डोळ्याला बरा दिसला म्हणून नाही काढला, गणिताने काढला, लॉगरिदमिक स्पायरल म्हणतात तो, गोगलगायीच्या शंखावर असतो साधारण तसा. बल्ब बरोबर त्याच्या केंद्रावर ठेवला की उजेड शेडवर कुठेही पडो, एकाच कोनात पडतो, आणि शेडच्या आतल्या बाजूवर आपटून मगच टेबलवर आणि खोलीत पसरतो. १९२५ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याच्या दिव्याला गोल्ड मेडल मिळालं, पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या फोरम हॉलमध्ये तीन शेडवाले दिवे लागले, आणि तेव्हापासून लुई पोल्सेन कंपनी ते दिवे बनवतेय ती आजही.

मला त्याचा सगळ्यात भारी वाटणारा दिवा मात्र घरातला नाहीच. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कवर जर्मनांचा कब्जा, रात्री ब्लॅकआउट, आणि कोपनहेगनच्या मधोमध टिवोली नावाची बाग. १९४१ ला याने तिच्यासाठी असा दिवा केला की उजेड खाली रस्त्यावर पडेल पण वरून विमानातून दिसणार नाही, म्हणून अंधारातसुद्धा बाग चालू राहू शकली. १९४३ मध्ये मग त्यालाच देश सोडून स्वीडनला पळावं लागलं.

खुर्च्यांचं विचाराल तर त्याची १९३२ ची स्नेक चेअर आहे, स्टीलचा पाइप वळवून वळवून केलेली. बघायला गंमत आहे, पण तीवर बसून निवांत जेवण होईल असं मला काही वाटत नाही. लाकूडकाम करणारा आपला माणूस हसेल बघून.

तर मिस्टरांना सांगा, पॅनलने सगळी खोली सारखीच उजळते, ताटात काय आहे दिसतं पण समोरचं माणूस ऑफिसात बसल्यासारखं दिसतं. डायनिंगवर एक लाइट खाली टांगलेला हवाच. टेबलपासून साधारण दोन फूट वर, वॉर्म व्हाइट बल्ब लावून.

प्रश्न: बर्डीवर अन् ऑनलाइन अशाच लाइटच्या स्वस्त कॉप्या मिळून राहिल्या. घेतली तर काय बिघडते?

उत्तर: बाकी काही नाही, बल्ब तेवढा दिसतो. कॉपी करणारे आकार उचलतात, आतलं गणित सोडून देतात. खुर्चीवर बसून वर बघा, बल्ब डोळ्याला दिसला की तो पीएच नाही, नुसत्या तीन थाळ्या. होल्डर दोन बोटं खाली आला किंवा तुम्ही लांबट एलईडी लावला तरी खेळ खलास. याचा त्रास खुद्द हेनिंगसेनलाही झाला, बल्ब बनवणारे दरवेळी बल्बचा आकार बदलायचे, तो वैतागला आणि १९५८ ला त्याने पीएच ५ काढला, कुठलाही बल्ब लावा, बाहेरून दिसणारच नाही असा. मोठी शेड ५० सेंटीमीटरची म्हणून नाव ५. त्याच्या आत छोटे लाल आणि निळे भागसुद्धा आहेत, उजेडाचा रंग सुधारावा म्हणून. त्याच वर्षीचा त्याचा आर्टिचोक नावाचा दिवा, १२ रांगांत ७२ पानं, कोपनहेगनच्या लांगेलिनी पॅव्हेलियन रेस्टॉरंटसाठी केलेला, कुठल्याही बाजूने बघा, बल्ब सापडत नाही. हॉटेलांच्या लॉबीत पानापानांची झुंबरं टांगलेली असतात ना, त्यातल्या कितीतरींचा हा आजोबा. व्हर्नर पँटन, तो एका तुकड्यातली प्लास्टिकची खुर्ची करणारा, काही काळ याचा जावईच होता म्हणा, सावत्र मुलीचा नवरा, आणि याच्याकडून बरंच शिकला.

पैसे कमी असतील तर साधी खोल शेड घ्या, आतून मॅट पांढरी. चकचकीत सोनेरी नको, बल्बच दिसेल तिच्यात.

प्रश्न: डायनिंगवर पंखा आहे, तिथेच हा लाइट लावला तर चालेल?

उत्तर: नाही चालणार. पंख्याच्या वाऱ्याने लाइट झुलतो, आणि पंख्याच्या वर दुसरा लाइट असेल तर पात्यांची सावली लपकत राहते, जेवताना डोकं उठतं. आता मे महिन्यात नागपुरात पंखा काढा असं तर कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पंखा भिंतीवरचा घ्या. आणि एक, थर जितके जास्त तितकी धूळ जास्त, कूलर सुरू व्हायच्या आधी एकदा अन् पावसाळ्यानंतर एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं, मेन स्विच बंद करून.