ट्रान्सप्लांटनंतर वडिलांची शुगर वाढली आहे. नवी किडनी खराब होईल का? इन्सुलिन कायमचं लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५२ वर्षांचे, किडनी बदलून तीन महिने झाले. आधी मधुमेह नव्हता. आता उपाशीपोटी शुगर १०४ येते, पण दुपारच्या जेवणानंतर २५० च्या आसपास जाते. डॉक्टरांनी सकाळी इन्सुलिन सुरू केलं आहे आणि घरात चर्चा अशी की ‘सकाळची शुगर तर नॉर्मल आहे, मग सुई कशाला?’

या चर्चेपासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक गडबड इथेच होते. प्रेडनिसोलोनची (ट्रान्सप्लांटनंतर देतात त्या स्टेरॉइडची) गोळी सकाळी घेतली की तिचा शुगरवरचा परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असतो आणि रात्रीतून ओसरतो. त्यामुळे वहीत आकडे साधारण असे दिसतात: सकाळी उपाशीपोटी १०४, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २५०, रात्रीच्या जेवणाआधी १९०, झोपताना १६०. फक्त सकाळी तपासणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. मध्यम पल्ल्याचं इन्सुलिन (एनपीएच) सकाळी देतात ते म्हणूनच: त्याचा जोर दुपारी येतो, गोळीच्या जोराबरोबर. हेच इन्सुलिन आपल्या मनाने रात्री घेतलं, तर पहाटे शुगर धोकादायक खाली जाऊ शकते.

शुगर वाढायला एकच कारण नसतं. स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि यकृत जास्त साखर सोडतं. टॅक्रोलिमसमुळे (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात ते औषध) स्वादुपिंडाकडून इन्सुलिनच कमी सुटतं. शिवाय इन्सुलिनचा निचरा करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. निकामी किडनीत इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, नवी किडनी ते पटापट काढून टाकते. म्हणजे शुगर वाढण्यामागे किडनी चांगली चालण्याचाही थोडा हात आहे. भूक परत येते, वजन वाढतं, तो भाग वेगळाच.

आता किडनीबद्दल. मधुमेहाने किडनीला इजा होते ती वर्षानुवर्षांत, तीन महिन्यांत नाही. पहिल्या वर्षात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलं तर आधी रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं), टॅक्रोलिमसची रक्तातली वाढलेली लेव्हल, इन्फेक्शन, लघवीच्या वाटेतला अडथळा किंवा अंगातलं पाणी कमी होणं, हे बघावं लागतं. ‘शुगरमुळे वाढलं असेल’ म्हणून आठवडाभर थांबणं मला सर्वांत महागडी चूक वाटते. शुगरचा खरा धोका हृदयाला आणि इन्फेक्शनचा आहे. किडनी उत्तम चालू असतानाच हृदयविकाराने दगावणारे ट्रान्सप्लांटचे रुग्ण कमी नाहीत. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्याकडे शुगरइतकंच लक्ष द्या.

एक गोष्ट कधीही करू नका: शुगर उतरावी म्हणून टॅक्रोलिमस किंवा स्टेरॉइड घरच्या घरी कमी करणं. शुगरवर औषधं भरपूर आहेत, रिजेक्शनने गेलेली किडनी परत येत नाही.

इन्सुलिन कायमचं? सांगता येत नाही, पण शक्यता तुमच्या बाजूने आहे. पहिले काही महिने स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसचे डोस उतरत जातात, तसं अनेकांचं इन्सुलिन कमी होतं, काहींचं सुटतं, काहींना गोळ्यांवर भागतं. घरात कुणाला मधुमेह असेल, पोट सुटलेलं असेल किंवा हिपॅटायटिस सी असेल, तर मधुमेह राहण्याची शक्यता जास्त.

डोस उतरतानाचा टप्पाच नेमका फसवा असतो. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमवरून १० वर आलं, पण इन्सुलिन तेवढंच राहिलं, की शुगर लो होते. किडनीचे डॉक्टर एक गोळी कमी करतात, शुगरच्या डॉक्टरांना पत्ताच नसतो. दर वेळी स्टेरॉइड बदललं की त्याच भेटीत विचारा, ‘इन्सुलिन किती कमी करायचं?’ शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बीपीसाठी मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर छातीतली धडधड जाणवणार नाही, पण घाम येतो. त्यावर लक्ष ठेवा.

शुगरच्या गोळ्यांचं थोडक्यात. मेटफॉर्मिन ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर चालत नाही, ३० ते ४५ मध्ये डोस कमी ठेवतात. उलट्या-जुलाब होत असतील किंवा कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) देऊन स्कॅन करायचा असेल, तर ते थांबवायचं का हे आधी विचारा. लिनाग्लिप्टिनचा डोस किडनीप्रमाणे बदलावा लागत नाही. ग्लिबेनक्लामाइड टाळलेलं बरं, शुगर लो करतं आणि तशीच ठेवतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर बाहेर काढतात. गुप्तांगाच्या बुरशीचा त्रास आणि कीटोॲसिडोसिसची (रक्तात आम्ल वाढण्याची) शक्यता बघता, इतक्या लवकर ती सुरू करायची का, हे ट्रान्सप्लांट टीमलाच ठरवू द्या.

जुलाब लागले तर फक्त शुगर बघून थांबू नका, टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. लगेच कळवा. लेव्हलचं रक्त नेहमी सकाळच्या गोळीआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी केला जातो.

एचबीएवनसीवर (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) अजून फार विसंबू नका. रक्त चढवलं असेल किंवा एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं झाली असतील, तर लाल पेशी नव्या असतात आणि आकडा खोटा कमी येतो. त्यापेक्षा पुढच्या भेटीआधी सलग तीन दिवस चार वेळा तपासा: उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना. प्रत्येक आकड्यासमोर त्या दिवसाचा प्रेडनिसोलोनचा आणि इन्सुलिनचा डोस लिहा. मधुमेह पक्का ठरला तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांची संवेदना आणि लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून घ्या. पायांवर मात्र रोज रात्री नजर टाका, कारण ट्रान्सप्लांटच्या औषधांखाली जखम चिघळली तरी ताप येईलच असं नाही.