शर्यत रविवारी, मुक्काम कुठे? माउंटन बायकर्सच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पाचगणीजवळ माउंटन बाइक शर्यत आहे. रविवारी सकाळी साडेसहाला सुरुवात, सायकलला लावायचा शर्यतीचा नंबर शनिवारी संध्याकाळी मिळणार. आम्ही चौघे गाडीने येतोय. वाईला लॉज स्वस्त पडतो. वाईलाच राहावे का? (सांगली)

भाड्याआधी घड्याळ बघा. साडेसहाची शर्यत म्हणजे सव्वासहाला रेषेवर, त्याआधी वीस मिनिटे अंग गरम करणे, सायकल उतरवणे, रांग लावून शौच. म्हणून गाडी साडेपाचला लागलेली हवी. पोटभर खाणे सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी, म्हणजे चारच्या आत. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटरच आहे, पण पसरणी घाटातून कॅरिअरवर सायकली घेऊन जाताना अर्धा तास धरा. सकाळचा हा अर्धा तास एक वेळ चालेल. खरी अडचण शनिवारची आहे. नंबर घ्यायला वर जायचे आणि झोपायला पुन्हा खाली यायचे, तेही सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेत. जेवण साडेनऊला आणि झोप अकराला, असे होऊन बसते. पाचगणीतच राहा, खोली मात्र मागच्या बाजूची मागा.

बुकिंग करताना मॅनेजरला फोनवर चार गोष्टी विचारा. सायकल खोलीत ठेवू देणार का? साखळीचे ऑइल चादरीला-टॉवेलला लागते म्हणून लॉजवाले नाही म्हणतात. ‘जुनी चादर आम्ही आणतो, खाली अंथरतो’ म्हटले की बहुतेक जण तयार होतात. तळमजला मिळाला तर उत्तम. दुसरे, पहाटे पाचला फाटक कोण उघडणार? कुलूप लावून वॉचमन झोपलेला असतो, त्याला रात्रीच सांगून ठेवा. तिसरे, सोलरचे पाणी पहाटे कोमट तरी येते का? आणि चौथे, खोली दहाला सोडायची असेल तर दोनपैकी एक खोली दुपारपर्यंत ठेवून काय घेणार? शर्यत संपवून आलेल्या चौघांना अंघोळीला एक न्हाणीघर पुरते. नाश्ता मात्र लॉजच्या भरवशावर सोडू नका, किचन आठशिवाय सुरू होत नाही. उकडलेले बटाटे, केळी, घरून आणलेला मेतकूट-भात, यातले जे सरावात खाता तेच बरोबर घ्या.

प्रश्न : आयोजकांनी पठारावर तंबूला जागा दिली आहे. दोघांसाठी दोन माणसांचा तंबू पुरेल का? सायकली कुठे ठेवायच्या? (चिंचवड)

‘दोन माणसांचा’ म्हणजे दोन माणसे, खांद्याला खांदा लावून. हेल्मेट, बूट, बॅगा धरल्यास तीन माणसांचा घ्या.

आपल्या पठारांवर खरा घोटाळा मेखांचा होतो. वर चार बोटे माती आणि खाली जांभा. तंबूसोबत आलेली ॲल्युमिनियमची मेख दोन ठोक्यांत वाकते. नुसत्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू निवडा आणि दोऱ्या दगडांना बांधा. नारळाएवढ्या दगडाला दोरीचा फास घाला आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दुप्पट वजनाचा दगड दोरीवर ठेवा. वारा ओढायला लागला की लहान दगड मोठ्याला येऊन अडकतो आणि दोरी सुटत नाही. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या कडेच्या आत दुमडा. बाहेर राहिला तर दवाचे पाणी त्यावरून ओघळून तुमच्या पाठीखाली जमते. सकाळी आतून ओले दिसले की लोक तंबू गळतो म्हणतात, पण ते दोघांच्या श्वासातले पाणी असते. थंडी वाजली तरी वरच्या खिडक्या उघड्या ठेवा.

सायकली तंबूच्या पुढच्या छपराखाली, चौकटी आणि चाके ओवून एकाच केबल लॉकने बांधा. पुढचे चाक काढले तर ब्रेक पॅडच्या फटीत प्लास्टिकची पट्टी किंवा दुमडलेला पुठ्ठा घाला. रात्री कुणाचा हात लिव्हरवर पडला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि सकाळी रोटर, म्हणजे चाकावरची ब्रेकची चकती, आत जात नाही. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकची सायकल रात्रभर उलटी ठेवू नका. साखळी झोपण्यापूर्वी पुसून ऑइल द्या, पण थेंबाथेंबाने. स्प्रे उडून रोटरवर बसला तर घाटाच्या उतारावर ब्रेक लागणार नाही.

चूल तंबूच्या आत कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही, पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी दोघांना दोन दिवसांसाठी वीस लिटरचे दोन जार. सायकल धुण्याची बादली यात धरलेली नाही. खाणे गाडीत बंद ठेवा. पाचगणी-महाबळेश्वरची माकडे तंबूची चेन उघडायच्या भानगडीत पडत नाहीत, सरळ फाडतात.

प्रश्न : संध्याकाळी हवा बरोबर भरली होती, सकाळी टायर नरम लागले. ट्यूबलेस गळतेय का? (नाशिक)

बहुधा नाही. दुपारी तीस अंशांत २५ पीएसआय भरलेले टायर पहाटे दहा अंशांत सुमारे अडीच पीएसआयने उतरते. थंडीमुळे हवा आकसते. पठारावर अंतिम दाब पहाटेच, सायकल बाहेर उभी करून अर्ध्या तासाने, आपल्याच गेजने तपासा. पाचपेक्षा जास्त उतरला असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या बुडाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघा.

प्रश्न : भंडारदऱ्याला सरावाला जातोय. तंबू अगदी पाण्याच्या काठाशी लावावा का? (ठाणे)

फोटो छान येतो, झोप येत नाही. थंड हवा जड असते, ती उतरून काठाशी साचते आणि दवही तिथेच जास्त पडते. पाण्यापासून वीस-तीस फूट उंच जागा बघा. भोवतालचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. सायकलची वाट आणि मुक्काम दोन्ही आधी वन विभागाला विचारा. जंगलात शेकोटी नाहीच.

प्रश्न : ऑक्टोबरात शिमल्याकडे शर्यत आहे. एक दिवस आधी पोहोचलो तर चालेल? (पुणे)

पुणे साडेपाचशे मीटरवर, शिमला सुमारे बावीसशे आणि शिमल्याच्या पुढचे नारकंडा सत्तावीसशे. दोन-तीन रात्री आधी पोहोचा आणि पहिल्या रात्री वर तंबू ठोकू नका, शिमल्यातच झोपा. नव्या उंचीवर पहिली झोप तुटकच लागते. स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा ‘कम्फर्ट’ आकडा वाचा, शून्याच्या आसपासचा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव वाचण्याचा असतो, झोप लागण्याचा नाही.